गळ्यातलं कार्ड

लेथ मशीन न्यायला गिऱ्हाईक दोरखंड घेऊनच आलं होतं. वडिलांनी मशीनवरून शेवटचं फडकं फिरवलं. “थोरलीनं कॉम्प्युटरची डिग्री घेतली, तिचं कल्याण झालं. याच्या पैशात धाकटीलाही तेच शिकवतो. लोखंड काय, उद्या गंजणारच!” थोरली दारात बूट घालत होती. कंपनीनं तिला केव्हाच घरी बसवलं होतं. कार्ड तेवढं परत घ्यायचं राहिलं होतं. तेच गळ्यात अडकवून ती रोज बाहेर पडायची, वाचनालयात बसून दिवसभर नोकरीचे अर्ज करायची. “ताई, तूच सांग,” धाकटी म्हणाली, “एवढा पैसा ओतून नोकरी मिळते ना गं?” थोरलीनं खाली वाकून बुटाची नाडी आवळली. “मिळते की! निघते, ऑफिसला उशीर होतोय.” गिऱ्हाइकानं दोरखंड उलगडला. वडिलांनी मात्र हात आडवा केला. थोरलीच्या गळ्यातल्या कार्डाकडे बघत ते हळूच म्हणाले, “पोरी, आज रविवार आहे.”