लाल रेघ

गाडीच्या इंजिनावरच्या झाकणाचं गळकं पॅकिंग मी स्वतः बदलतेय म्हटल्यावर विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीचं निम्मं पार्किंग सल्ले द्यायला जमलं. सर्वांत पुढे माझे सासरे, आप्पा. मधल्या बोल्टपासून बाहेर जात मी एकेक बोल्ट आवळत होते. ठरवलेला जोर लागून टॉर्क रेंच ‘टक्’ वाजला की थांबत होते. “एवढ्यानं काय होतंय? अजून पीळ जरा,” आप्पा म्हणाले. “नको. जास्त पिळलं तर पॅकिंग फाटेल आणि खंबाटकी घाटात ऑइल गळेल.” दुसऱ्या दिवशी मी एकटी गाडी घेऊन साताऱ्याला नव्या नोकरीवर रुजू होणार होते. “शेवटी बाईचा हात,” ते शेजाऱ्यांकडे बघून म्हणाले. मी पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खाली झाकणापर्यंत एक सरळ लाल रेघ ओढली. “आता गाडीलाही नटवणार का?” आप्पांनी विचारलं आणि सगळे हसले. सकाळी बॉनेट उघडलं, तर एकही रेघ सरळ नव्हती. बोल्टवरचा तुकडा झाकणावरच्या तुकड्यापासून सरकला होता. आप्पा चहाचा कप घेऊन मागे उभे. “रात्री माझ्या पान्यानं मी जरा खात्री करून घेतली,” म्हणाले. पॅकिंग नशिबानं शाबूत होतं. मी सगळे बोल्ट सैल केले, ‘टक्’ वाजेपर्यंत पुन्हा आवळले, नव्या रेघा ओढल्या आणि गाडी सुरू केली. “रेघा मीही खात्रीसाठीच ओढल्या होत्या, आप्पा,” मी काच खाली करून म्हटलं. “तुमचा पाना डिकीत टाकलाय. परत आले की देईन.”