नवे मालक मान्य आहेत का?

सर्जेरावांच्या डोळ्यांतली चिप बनवणारी कंपनी पुन्हा विकली गेली आणि सकाळपासून त्यांना सगळं धूसर दिसायला लागलं. दरवेळी हेच. पहिल्यांदा पुण्याच्या लोकांनी ती घेतली तेव्हा रंग गेले, मग सिंगापूरवाल्यांनी घेतली तेव्हा अंधारातलं दिसणं गेलं. ऑपरेशनच्या वेळी संमतीसाठी आवाज बायकोचा नोंदवला होता, म्हणून आताही फोनवर शेवंताच बोलत होती.

"चिपचे मालक बदलले आहेत," पलीकडून यंत्र म्हणालं. "नवे मालक मान्य आहेत का?"

लग्न झाल्यापासून शेवंता नवऱ्याला मालकच म्हणायची. तिचा पारा चढला. "जिभेला काही हाड? आमचे मालक हे काय, समोर चहा पितायत. मला हेच हवेत, दुसरे नकोत."

"अगं, कंपनीचं विचारतंय ते," कप आपटत सर्जेराव ओरडले. "हो म्हण."

"नवे मालक अमान्य," यंत्र शांतपणे म्हणालं. "जुनी कंपनी अस्तित्वात नाही. दृष्टी बंद करत आहोत."

तोंडाला पदर लावलेली शेवंता त्यांना दिसली, आणि मग काहीच दिसेना.

"मालक, माझं काही चुकलं का?"

सर्जेरावांना तिच्यावर ओरडायचं होतं, पण कुठे तोंड करून ओरडायचं तेच त्यांना कळेना.