खिडकीची बाजू

"मुलगी अभ्यासाला कुठे बसेल?" मॅडमनी विचारलं.

रंगाऱ्याने लगबगीने खिडकीखालचं टेबल दाखवलं. "इथे. उजेडही चांगला येतो." टेबलावर दिवा होता, पेन्सिलींचा डबा होता. बाकी खोलीत फारसं काही नसल्यामुळे ते टेबल जरा जास्तच नटल्यासारखं दिसत होतं.

परांचीवरून पडून त्याचा पाय मोडला, तेव्हा मुलीकडे बघायला घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणून तिला बालगृहात ठेवलं होतं. आता पाय बरा झाला होता आणि त्याला मुलगी परत हवी होती. ती द्यायची की नाही, हे या दोघींच्या भेटीवर ठरणार होतं. खरं तर एकीच्याच. मॅडम बालकल्याण खात्यातल्या, आणि त्यांच्याबरोबरची विद्यार्थिनी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजने तिला कामाचा अनुभव घ्यायला पाठवलेलं, घरभेटीला ती आज पहिल्यांदाच आलेली. वाटेत मॅडमनी तिला बजावलं होतं, "वही बॅगेत. डोळे उघडे. तोंड मी सांगेन तेव्हा."

डोळे तिने चांगलेच उघडले होते. खुर्च्या तीन, तिन्हींची जात वेगळी. पडदा खिडकीला वीतभर तोकडा. टेबलाच्या कडेला कुण्या पोरीने कर्कटकाने फुलं कोरली होती, आणि ती अगदी ताजी होती, आतलं लाकूड अजून पांढरं दिसत होतं. या घरातली मुलगी तर वर्षभर इथे नव्हती. म्हणजे सगळं उसनं. हे लक्षात आलं तशा तिला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. वर्गात निरीक्षण निरीक्षण म्हणून सर जे घोकून घेत, ते हेच. बाहेर पडल्यावर मॅडमना कसं सांगायचं, त्याची वाक्यं ती जुळवायला लागली.

तेवढ्यात दार ढकलून समोरच्या घरातली आजी आत डोकावली. "गेल्या का रे त्या बाया?"

बाया तिच्यासमोरच बसल्या होत्या.

आजीने चष्मा वर सारला आणि दोघींना नीट पाहून घेतलं. "नंतर येते," म्हणाली, पण जाईना.

"काही हवं होतं का आजी?" मॅडमनी विचारलं.

"छे. सहज आपली."

रंगारी उठून उभा राहिला. त्याच्या मानेवर पांढऱ्या रंगाचे बारीक शिंतोडे होते, घासूनही न गेलेले. "टेबल यांचं आहे, मॅडम," तो म्हणाला. "दिवासुद्धा. यांच्या नातीची उद्या परीक्षा आहे. खुर्च्या खालच्या मजल्यावरच्या." मग जरा थांबून म्हणाला, "पलंग तेवढा माझा आहे."

एवढी छान जुळवलेली वाक्यं, आता त्यातलं एकही उच्चारायची विद्यार्थिनीला इच्छा नव्हती. स्वतःच्या हुशारीची लाज वाटत होती आणि भीतीही. टेबल नाही म्हणून मुलगी नाही, असं मॅडम म्हणाल्या तर?

मॅडमच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती. त्यांनी रंगाऱ्याने दिलेल्या चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"जड आहे का टेबल?"

"आहे की," आजी म्हणाली.

"मग ही धरेल एक बाजू."

दुसरी बाजू रंगाऱ्याने धरली. दिवा हातात घेऊन आजी पायाला जप म्हणून सांगत राहिली, त्याने ऐकलं नाही. दोन दारांमधली जागा ओलांडून दोघांनी टेबल समोरच्या घरात नेलं. तिथे नात जमिनीवर पालथी पडून गणितं सोडवत होती. ती उठून बाजूला झाली. खिडकीखालच्या फरशीवर टेबलाच्या पायांच्या खुणा उमटलेल्या होत्या. विद्यार्थिनी टेबल बरोबर तिकडे सरकवायला लागली.

"तिथे नको गं," आजी म्हणाली. "भिंतीपासून पुढे ओढ."

"पण खुणा तर इथे आहेत, आजी."

"त्या हिच्या एकटीच्या. आता दोघी समोरासमोर बसणार. याची पोर यायचीय ना."

"खिडकीची बाजू मी देणार नाही," नात म्हणाली. "मागे तिनेच घेतली होती."

"ते तुमचं तुम्ही बघा. माझं डोकं नका खाऊ."

टेबल पुढे ओढलं. रंगाऱ्याने बाहीने त्याची कड पुसली, मग पुसलेलीच कड पुन्हा पुसली. मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. त्या कधी आल्या, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दोघी जिना उतरल्या. खाली रस्त्यावर आल्यावर मॅडम थांबल्या.

"आता सांग. मुलगी अभ्यासाला कुठे बसेल?"

विद्यार्थिनीने वर पाहिलं. आजीच्या खिडकीत दिवा लागला होता.

"तिथे, मॅडम," ती म्हणाली. "खिडकीची बाजू कुणाची, एवढंच ठरायचं राहिलंय."

मॅडम हसल्या नाहीत. पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि चालायला लागल्या.

"वही काढ," त्या म्हणाल्या.