मीठ राहिलं

"शेअर करा हं, सगळ्यांना पाठवा!" मोबाइलकडे बघत द्वारकाबाईंनी हात जोडले. मागे कुळथाचं पिठलं रटरटत होतं.

जाऊबाईंनी व्हिडिओ थांबवला. "अक्का, आजही मीठ विसरलात! लोक हसण्यासाठीच पाठवतात एकमेकांना."

"हसू देत. लांबवर तर जातंय!"

बाई विसरत नव्हत्या. चार वर्षांपूर्वी लेकीनं मनाजोगतं लग्न केलं, तेव्हा बाईंनीच तिच्या तोंडावर दार लावलं होतं. आता ना पत्ता, ना नंबर. पण पूर्वी बाई खरोखर विसरायच्या, तेव्हा उंबऱ्यात अभ्यासाला बसलेली तीच ओरडायची, "आये, मीठ!"

रोज जाऊबाई कॉमेंट वाचून दाखवायच्या.

काकू, मीठ?
मावशी, मीठ राहिलं.
आजी, मीठ महागलं का?

प्रत्येक कॉमेंटला बाई नकारार्थी मान हलवायच्या. ही नव्हे.

एका संध्याकाळी जाऊबाई वाचता वाचता थांबल्या. "अक्का... नाव नाही, फोटो नाही. नुसतं 'आये, मीठ' लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओत बाईंनी चिमूटभर मीठ घातलं. "घातलं बघ गं. दार उघडं आहे."

शेअर करा म्हणायचं मात्र राहून गेलं.