शिट्टी

"शिट्टी अजून येतीय," अंबादास ओरडून म्हणाला.

सिद्धलिंगप्पांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. गिटारच्या ॲम्प्लिफायरला हा तिसरा स्पीकर लावून झाला होता. "हळू बोल की रे. मी तुझ्या समोर बसलोय, अक्कलकोटात न्हाय."

अंबादासची मुलगी पूनम हसली. "काका, आमच्या घरात समदे असंच बोलतात. मागाच्या खडखडाटात हळू बोललेलं कुणाला ऐकू येतंय?" तीही हे ओरडूनच म्हणाली.

ते खरंच होतं. सिद्धलिंगप्पांच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या दोन्ही बाजूंना मागांचे कारखाने होते. गल्लीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच खडखडाट. इथली माणसं समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलतात, आणि पाठमोऱ्याला खांद्यावर थाप मारून बोलावतात.

मिसरूड फुटल्यापासून अंबादासने टॉवेलचे माग चालवले होते. दिवाळीनंतर मालकाशी भांडून त्याने ते काम सोडलं आणि आबासाहेबांच्या ऑर्केस्ट्रात गिटार धरली. बायको नको नको म्हणत होती. आता परत जायला तोंड उरलं नव्हतं. आणि कालच आबासाहेबांनी सुनावलं होतं, "तुझी गिटार लोकांच्या कानात सुईसारखी टोचतीय. शनिवारच्या हळदीआधी आवाज नीट कर, न्हायतर येऊ नको."

अंबादासला मात्र तो आवाज टोचत नव्हता. त्याला तो घोंगडीत गुंडाळल्यासारखा वाटे. ट्रेबलचं, म्हणजे उंच सुरांचं, बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी तारा खुलत नव्हत्या, आणि वरून ती बारीक शिट्टी. दोष स्पीकरचाच, याबद्दल त्याला शंका नव्हती.

सिद्धलिंगप्पांनी फळीवरून चौथा स्पीकर काढला. पूनम पुढे सरकली. मुलांनी विचारलं की ते काम थांबवून सांगत.

"काका, कुठला पण स्पीकर चालत न्हाय का?"

"न्हाय बाळ. आधी त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाच."

"आठ ओम. देवाचा ओम?"

"देवाचा न्हाय, तारेचा. वीज वाहताना तार तिला किती अडवते, त्याचं ते माप. हे यंत्र ट्रान्झिस्टरचं. त्याला निदान आठ ओमची अडवणूक पाहिजे. चारचा लावलास तर वीज मोकाट धावेल, ट्रान्झिस्टर तापून जळेल. सोळाचा लावलास तर जळणार काही न्हाय, पण आवाज दबेल."

"म्हणजे आठचा आणला की झालं?"

"तिथं तर सुरुवात होते. आठचेच दोन स्पीकर घे. एक कर्कश, एक गोड. यंत्र फक्त आवाज मोठा करतं. त्याचा स्वभाव ठरवतो स्पीकर. म्हणून घ्यायच्या आधी कानानं ऐकायचं. वाचून फक्त जळणार न्हाय एवढं कळतं."

त्यांनी चौथा स्पीकर जोडला. जुना होता, कागदी पडद्याचा, मऊ आवाजाचा. अंबादासने गिटार मांडीवर घेऊन तारा छेडल्या. पूनमने दोन्ही कानांवर हात दाबले. "नान्ना, टोचतंय!" ती बापाला म्हणाली.

अंबादास तारांकडे बघत होता. तो वाजवत राहिला.

सिद्धलिंगप्पांनी ट्रेबलचं बटण अर्ध्यावर आणलं. आवाज एकदम गोड झाला. पूनमने हात काढले आणि मान डोलावली.

अंबादासचा हात थांबला. "काय केलं हो तुमी? गिटार मेली की. आणि शिट्टी तशीच हाय."

सिद्धलिंगप्पांनी स्पीकरला कान लावला. जराशी सरसर होती, कुठल्याही यंत्रात असते तेवढी. चार स्पीकर, चौघांचे चार स्वभाव, आणि शिट्टी मात्र सगळ्यांत एकच. असं त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा पुन्हा जोडणी तपासली. चूक सापडेना.

"तुमाला ऐकू येत न्हाय, मग मी काय खोटं बोलतो?" अंबादासचा आवाज चिरकला. "ह्यापायी माझं काम हातचं चाललंय. सरका, मी दाखवतो कुठनं येती ती."

त्याने गिटार भिंतीला टेकवली. स्पीकरपुढे गुडघे टेकून बसला. जाळीच्या कापडाला कान लावला आणि डोळे घट्ट मिटले.

तेवढ्यात वीज गेली.

ॲम्प्लिफायरचा लाल दिवा विझला. डोक्यावरचा पंखा एक-दोन फेरे घेऊन थांबला. शेजारचे माग थांबले, त्यापलीकडचेही थांबले. गल्लीत कुठेतरी पाण्याचा नळ गळत होता, तो ऐकू येऊ लागला.

"हां!" डोळे न उघडता अंबादास म्हणाला. त्याने बोट वर केलं. "हीच ती. आता तर लख्ख ऐकू येतीय. ऐका की."

सिद्धलिंगप्पा विझलेल्या दिव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पूनमकडे पाहिलं. तिचंही लक्ष त्या दिव्याकडेच होतं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

अंबादासच्या घरात आजवर कुणी कुणाला हळू आवाजात हाक मारली नव्हती. पूनम बापाच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. खांद्याला हात लावायला गेली आणि तिने तो मागे घेतला.

"नान्ना," तिने हळूच हाक मारली.

गल्लीच्या पलीकडे भाजी निवडत बसलेल्या सारजाबाईंनी मान वर करून पाहिलं. अंबादास स्पीकरला कान लावून तसाच बसला होता.