चाळीस मीटरवर

“वरचं मॅडमना घेऊ द्या. सर, तुम्ही खालून घ्या.”

मनीष हे अगदी सहज बोलून गेला. हिंजवडीत नोकरी, पुढच्या महिन्यात लग्न, आणि शेजारी होणारी बायको अपूर्वा, खडे टोचतात म्हणून एका पायावर उभी. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. शेखरला मात्र मिरची झोंबावी तसं ते झोंबलं. ड्रोनचं पातं सुलटं कुठलं नि उलटं कुठलं, इथपासून ज्या बाईला त्यानं शिकवलं, ती त्याची बायको गौतमी आता ‘मॅडम’ झाली होती. आणि त्यानं खालून घ्यायचं!

“घेतो की,” तो म्हणाला.

थंडीतल्या रविवारी सकाळी मुळशी धरणाच्या या काठावर पाय ठेवायला जागा नसते. लग्न ठरलेली जोडपी चित्रीकरणासाठी पाण्यात घुसलेल्या खडकावर पाळीपाळीनं उभी राहतात आणि वर सात-आठ ड्रोन घोंगावत असतात. गेल्या वर्षी त्यातले दोन एकमेकांवर आपटले, तेव्हा शेखरनंच सगळ्यांना जांभळीखाली बसवून सुनावलं होतं, “यंत्राचा दोष न्हाई. दोघं बी मान खाली घालून मोबाइलात बघत व्हता, आन् दोघं बी मुके. वर-खाली जायचं तर आदी हाळी द्या. आन् मधनंमधनं आभाळात बघा.” तेव्हापासून कुणी उंची बदलली की ओरडून सांगतो आणि बाकीचे पोच देतात. काठावर तिला अजून शेखरची हाळी म्हणतात. हाळीला त्याचं नाव राहिलं. गिऱ्हाईक तेवढं बायकोकडं गेलं.

“चाळीसवर थांबलीया, खडकाच्या वर!” गौतमीची खणखणीत हाळी आली. पूर्वी ती त्याच्या शेजारी उभी राही. आता दोघं ड्रोनवाल्यांच्या रांगेच्या दोन टोकांना.

“चाळीस!” रांगेतल्या बाकीच्या पाचही जणांनी मान न उचलता पोच दिली. शेखरनं दिली नाही.

त्याचा ड्रोन पंधरावर होता. त्याच्या मोबाइलात अपूर्वाचा पदर, मनीषचा हात, नुसतं तेच ते. तिकडं गौतमीच्या मोबाइलात डोकावून अपूर्वाची बहीण चित्कारली, “अय्या, काय भारी दिसतंय!” शेखरनं दात आवळले. दुसऱ्या कुणाचा हेवा वाटला असता, तर बायकोजवळ बोलून मन हलकं करता आलं असतं. हे कुणाला सांगायचं?

त्यानं रिमोटवरचा अंगठा वर रेटला. वीस. तीस.

मग त्यानं मान उचलून आभाळात बघितलं. तिचा ड्रोन बरोबर त्याच्या ड्रोनच्या डोक्यावर होता, सांगितल्या जागी, जराही न हलता. हाळी त्याच्या ओठांपर्यंत आली. तीच सरकंल, त्याच्या मनानं घेतलं. एकदा तरी तिनं सरकावं. अंगठा तसाच राहिला.

कडाड आवाज झाला. गौतमीचा ड्रोन दोन कोलांट्या खाऊन पाण्यात गेला. त्याचा लंगडत गवतावर उतरला, एकच पातं मोडलेलं.

तो तिच्या नावावरचा पहिला ड्रोन होता. पुढच्या चारही रविवारच्या ऑर्डरी त्याच्या भरवशावर घेतलेल्या. पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत ती हललीच नाही.

“हाळी कुनी चुकवली?” भरे गावच्या बहिरूनं विचारलं. रांगेत तो वयानं सगळ्यांत मोठा.

“माजंच ध्यान नसंल, बहिरूभाऊ,” गौतमी म्हणाली. “ह्यांनी दिली आसंल. ह्ये चुकवायचे न्हाईत.”

सगळे शेखरकडं बघायला लागले. खरं बोलायला तेवढा एकच क्षण होता.

“मोबाइलात बघत व्हतो,” तो म्हणाला. “हाळी ऱ्हायली. वर ही हाय ते दिसलंच न्हाई.”

“लोकांना शिकवणारे तुमी, आन् तुमीच?” बहिरूनं चुकचुकत पाठ फिरवली. मनीषनं दुसऱ्या ड्रोनवाल्याला हात केला.

गौतमी जांभळीखाली जाऊन बसली. ड्रोन बुडाला तरी कॅमेऱ्यानं बघितलेलं मोबाइलातही उरतं, थोडं पुसट. ती ते बोटानं मागं सरकवू लागली. शेखर जवळ जाऊन उभा राहिला. आपण चांगले आहोत असं त्याला घाईघाईनं वाटून घ्यायचं होतं.

“ऱ्हाऊ दे गं आता. माझा दुरुस्त करतो, त्योच वापर तू.”

एका जागी चित्र थांबवून तिनं ते दोन बोटांनी मोठं केलं, मग आणखी मोठं. आणि बराच वेळ बघत राहिली.

“अवो,” ती हळू म्हणाली, “आभाळात बघा म्हनून तुमीच सांगितलं व्हतं न्हवं?”

“व्हय. मग?”

तिनं मोबाइल त्याच्या हातात दिला. चाळीस मीटरवरून दिसणारा काठ. खडक, त्यावरची दोघं, आणि बाजूला रांग. बहिरूची पांढरी टोपी, चार काळी डोकी, टोकाला तिचा स्वतःचा भांग. सगळ्या माना खाली. दुसऱ्या टोकाला मात्र डोकं नव्हतं, चेहरा होता. हनुवटी वर, अंगठा रेटलेला, डोळे थेट कॅमेऱ्यात.

“सगळ्या रांगेत,” गौतमी म्हणाली, “तुमी एकटंच बघत व्हता.”