टिश्यूतला स्क्रू

आमच्या लघुउद्योजक संघटनेच्या वार्षिक जेवणात टेबलावर फुलं नसतात; प्रत्येक कारखाना आपण बनवलेली वस्तू मांडतो. मी ठाण्याच्या ऑफिसात बिलं बनवते, कारखाना डोंबिवलीत, बिलांवर मालाचे नुसते कोड नंबर; त्यामुळे ना ही रीत ठाऊक, ना माल पाहिलेला. यंदा पहिल्यांदा बोलावणं आलं, वडिलांना, आबांनाही नेलं. घोटा मोडून ऑपरेशन झाल्यापासून आबा काठीशिवाय चालत नव्हते. शेजारच्या टेबलावर चकचकीत पंप होता, आमच्या बशीत बारीकसा स्क्रू. खुर्चीचा पडला असेल म्हणून मी टिश्यूत गुंडाळून वेटरला दिला. “अगं, तो आपला आहे,” मालक हसले. “मोडलेलं हाड जोडतो.” स्क्रू परत आला. आबांनी तो तळहातावर घेतला. “माझ्या पायात असाच?” “असाच, काका.” आबा उठले. काठी खुर्चीलाच राहिली. स्क्रू टेबलाटेबलावर दाखवत ते हॉलभर फिरले. मी बघतच राहिले. माझी बिलं माझ्यासमोर चालत होती.